डिटेक्टर घ्या, पण हरवलेल्या खिळ्यासाठी!

"साहेब, हलका अन् स्वस्तातला मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?"

बोंडअळी, तुरीची मर, पीक विमा, ठिबकचं अनुदान याबद्दल विचारणारे रोज भेटतात. पण फुलसावंगीला चहाच्या टपरीवर तीन पोरांनी हा सवाल टाकला तेव्हा क्षणभर मीच गोंधळलो. "कशाला पाहिजे?" म्हणून विचारलं. दोघं हसले. तिसरा म्हणाला, "छंद म्हणून, साहेब. मोबाईलवर पाहिला." मागच्या बाकावरच्या काकांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "छंद कायचा, साहेब! गढीतलं धन काढाचं हाय यायले."

सगळे हसले, मीही हसलो. पण शेतकरी बंधूंनो, हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे यंत्र आता खेड्यात पोचलं आहे. ते शेतीच्या कामाचं होऊ शकतं आणि पोरांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्याही चढायला लावू शकतं. म्हणून यंत्र कोणतं घ्यावं याआधी ते कशासाठी घ्यावं, याचा विचार करू.

बुऱ्हाणपूरला काय झालं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा सिनेमा आला. १६८१ साली मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं, हा इतिहास त्यामुळे पुन्हा सगळ्यांच्या तोंडी झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आपल्या सीमेलगतच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत माणसांची झुंबड उडाली. शेतात मोगलांची सोन्याची नाणी निघताहेत, अशी आवई उठली होती. दिवस मावळला की लोक बॅटऱ्या, टिकाव-फावडी आणि मेटल डिटेक्टर घेऊन यायचे आणि रात्रभर खोदायचे. त्याची चित्रं मोबाईलवर देशभर फिरली, तेव्हा प्रशासनाला धावावं लागलं.

यात कोणाचा काय फायदा झाला, याचा हिशेब मांडून पाहा. खोदणारा रात्रभर जागला. अफवा पसरवणारा घरी निजला. आणि ज्याचं शेत होतं त्याच्या वाट्याला खड्डे आले. वरची कसदार माती खाली गेली आणि खालचा मुरूम वर आला. असं रान पुन्हा पिकाऊ करायला किती हंगाम जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडेही गावोगाव गढ्या आहेत, पांढरी आहेत, आणि माहूरचा किल्ला फुलसावंगीपासून काही फार दूर नाही. उद्या एखाद्या सिनेमानं किंवा एखाद्या भोंदूनं आवई उठवली तर हीच पाळी आपल्यावर यायला वेळ लागणार नाही.

धन निघतं, पण कसं?

जमिनीतून काहीच निघत नाही असं मी म्हणणार नाही. निघतं. आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातलं (तेव्हा तो अकोला जिल्हा होता) मंगरुळपीर तालुक्यातलं तऱ्हाळा घ्या. तिथे १९३९ साली सातवाहन राजांची दीड हजारांवर नाणी सापडली. ती सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची होती. भंगारवाल्याकडे नेली असती तर वजनावर चार पैसे मिळाले असते. पण ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या पंडिताच्या अभ्यासात आली आणि पुराणांच्या यादीतही नसलेल्या सातवाहन राजांची नावं उजेडात आली. विदर्भाच्या इतिहासाचं एक पान त्या गाडग्यातून निघालं.

नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं, हे नाण्यांनीच सांगितलं. हीच नाणी दहा माणसांनी रातोरात वाटून घेतली असती तर ही गोष्ट कायमची मुकी झाली असती.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाची चार शिल्पं मिळाली. रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. मिळून साठ किलोहून अधिक वजन. आज ती जगभरच्या पुस्तकांत आहेत.

यांपैकी तऱ्हाळा काय नि दायमाबाद काय, कोणी डिटेक्टर घेऊन धनाच्या मागे लागला नव्हता. आणि उलट उदाहरणही आहे. पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात खोदकामाच्या मातीत सोन्याची २१६ नाणी मिळाली, वजन २,३५७ ग्रॅम. ज्यांना मिळाली त्यांनी ती घरात दडवली. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी ती जप्त केली. वेळीच कळवलं असतं तर कायद्यानं काही पदरात पडलं असतं. दडवल्यामुळे नाणीही गेली आणि वर चौकशी लागली.

यंत्र करतं काय?

आता यंत्राकडे येऊ. काठीच्या टोकाला एक गोल चकती असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यातल्या तारेतून उलटसुलट वाहणारी वीज जाते आणि जमिनीत चुंबकीय लहरी शिरतात. वाटेत धातू आला की त्याच्यात बारीक विजेचे भोवरे उठतात. ते भोवरे उलट खूण पाठवतात, चकती ती पकडते आणि यंत्र 'टूं' करतं. यात जादू नाही, मंत्र नाही.

ही कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असंच यंत्र बनवलं होतं. ते नीट चाललं नाही. रोगी ज्या खाटेवर होता तिच्या गादीखाली पोलादी तारा होत्या, त्या यंत्राला घोळात घालत होत्या असं नंतर सांगितलं गेलं.

बेलच्या खाटेचा हा धडा आपल्याला फार लागू आहे. आपली काळी जमीन लाव्हाच्या काळ्या दगडापासून झाली आहे आणि त्या दगडात लोहाची चुंबकी खनिजं आहेत. म्हणजे आपल्या शेताखाली सगळीकडेच बेलच्या त्या तारा अंथरलेल्या आहेत असं समजा. साधं स्वस्त यंत्र काळ्या रानात नेलं की ते पावलोपावली ओरडतं. पोरांना वाटतं, इथे धन आहे, तिथेही आहे! प्रत्यक्षात यंत्र जमिनीलाच ओरडत असतं.

माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मित्रासोबत अर्धे-अर्धे पैसे घालून मी एक यंत्र मागवलं. कोणाकडून ते सांगत नाही. खोक्यावर 'खोली दहा फूट' असं छापलेलं. पहिल्याच दिवशी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत ते बोंबलत राहिलं. एकवीस खड्डे केले, त्यातून दोन खिळे आणि गुटख्याच्या पुड्यांची चांदी निघाली. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

निवड कशी करावी?

तेव्हा ज्याला खरोखर घ्यायचं आहे, त्यानं पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

वजन : छंदाची चांगली यंत्रं साधारण एक ते दीड किलोची असतात. एक किलो ऐकायला काहीच नाही. पण फवारणीचा पंप पाठीवर असतो आणि हे यंत्र पुढे लांबवलेल्या हातावर. तासाभरात खांदा भरून येतो. नुसतं वजन पाहू नका, तोल पाहा. चकतीकडे जड आणि मुठीकडे हलकं असेल तर मनगट दुखतं. कोपराला टेकण आहे का आणि दांडा लहान-मोठा होतो का, तेही पाहा. दुकानात दहा मिनिटं जमिनीलगत झुलवून पाहा. हात बोलेल.

जमिनीशी जुळवणी : दुकानदार याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. आपल्या काळ्या रानासाठी ही सगळ्यात महत्त्वाची बाब. यंत्र जमिनीवर खाली-वर करून 'ही नुसती माती आहे, हिला ओरडू नको' असं त्याला शिकवता आलं पाहिजे. ही सोय नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असो, आपल्याकडे ते फुकटातही महाग.

चकती : आठ ते दहा इंचांची पुरे. मोठी चकती खोल जाते, पण जड होते आणि बारीक वस्तू चुकवते. आतल्या तारा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन वेटोळ्यांत असलेली चकती खनिजी जमिनीत जास्त बरी चालते. तिला 'डबल डी' म्हणतात. चकती पाण्यानं बिघडणारी नसावी. सकाळचं दव आपल्याकडेही पडतं.

खोली : हातात धरायच्या अशा यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल लागली तरी पुष्कळ. खोली दुप्पट झाली की खूण निम्मी होत नाही, कित्येक पटींनी घटते. म्हणून जो दहा-वीस फूट सांगतो त्याला नमस्कार करून पुढे चला. आणि कोर्टात किंवा जत्रेत पोलीस अंगावरून फिरवतात ती दांडी शेतात चालत नाही. ती अगदी जवळच्या धातूसाठी असते.

चाचणी : पैसे देण्याआधी आपल्याच शेतातल्या मातीत चाचणी घ्या. दहा रुपयांचं नाणं, एक खिळा आणि एक चांदीचा कागद चार, सहा आणि आठ इंचांवर पुरा. एक-दोन रुपयांची नवी नाणी घेऊ नका. ती पोलादी आहेत, चुंबकाला चिकटतात आणि यंत्र त्यांना लोखंडात धरतं. जो विक्रेता अशी चाचणी देत नाही किंवा बिल देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. दुरुस्ती कुठे होईल आणि सेल कोणते लागतात, हेही विचारा.

किंमत काही हजारांपासून अर्ध्या लाखापर्यंत आणि त्याच्याही वर जाते. एकट्या शेतकऱ्यानं एवढा पैसा घालावा असं माझं मत नाही. शेतकरी गटानं किंवा अवजार बँकेनं एक मधल्या दर्जाचं यंत्र घ्यावं आणि वहीत नोंद करून फिरवावं. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी घरचं बी-बियाणं अडवू नये.

एका डोरल्याची गोष्ट

छंदाचं यंत्र शेतात खरंच कामी येतं का? येतं. एका गावी कापूस वेचताना एका मजूर बाईचं डोरलं पडलं. घरातलं सोनं तेवढंच. बाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. गावच्या एका नोकरदार पोराकडे बरं यंत्र होतं, ते आणलं. पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. कारण पोरानं यंत्र 'कचरा वगळ' अशा कळीवर ठेवलं होतं. पातळ, बारीक सोन्याची खूण गुटख्याच्या चंदेरी पुडीसारखीच येते. पुडी वगळली की डोरलंही वगळलं जातं. मग ती कळ बंद केली, रानाला दोऱ्या बांधून हात-दीड हाताचे पट्टे पाडले, आणि चकती जमिनीपासून दोन बोटांवर ठेवून हळूहळू फिरवली. चौदाव्या पट्ट्यात ढेकळाखाली डोरलं निघालं. वाटेत तेवीस पुड्या निघाल्या, तो शेताला नफा.

याशिवाय तीन कामं सांगतो.

एक, जनावरांचा चारा. गाय-म्हैस चारा आधी गिळते, मग रवंथ करते. खिळा, तार, तुटलेली सुई चाऱ्यात आली की सरळ जाळीपोटात जाते. तिथून पडदा आणि त्यापलीकडे काळीज जवळच. जनावर खाणं सोडतं, दूध आटतं, उतारावर चालायला कुंथतं, छातीखाली सूज येते. अशा वेळी गावठी उपाय न करता पशुवैद्यकाला बोलवा. पण आधीच गोठा, खळं, जुन्या तारेच्या कुंपणाची जागा आणि गवताचा तुकडा यंत्रानं झाडून घेतला तर एक जनावर वाचतं. तेवढ्यात यंत्राचे पैसे फिटले.

दोन, अवजारं. वखराची तुटलेली पास, रोटाव्हेटरचं पातं, नटबोल्ट रानात राहतात आणि पुढच्या हंगामात ट्रॅक्टरचं टायर फाडतात. उन्हाळ्यात रान मोकळं असताना पेरणीच्या आधी एक फेरी मारावी.

तीन, पुरलेली पाईपलाईन. पीव्हीसी पाईप यंत्राला दिसत नाही. म्हणून नवी लाईन टाकताना प्रत्येक सांध्यावर आणि व्हॉल्व्हवर, जमिनीपासून हातभर खोल, जुन्या पत्र्याचा तुकडा ठेवा. दहा वर्षांनी पाईप फुटला तर अर्धं शेत खणावं लागणार नाही. मात्र मोटारीची केबल जिथे पुरली आहे तिथे जपून. यंत्र धातू दाखवतं, त्यात करंट आहे की नाही हे दाखवत नाही.

भोंदूंपासून सावध

आपल्याकडे नारळ तळहातावर उभा धरून पाणी सांगणारे पानाडे आहेत. तसेच आता 'एक किलोमीटरवरून सोनं दाखवणारं' यंत्र विकणारे फिरतात. नुसती मूठ आणि तिला हलणारी काडी. सुशिक्षित फसत नाहीत असं समजू नका. इंग्लंडच्या एका व्यापाऱ्यानं अशीच काडीची यंत्रं बॉम्ब शोधायला म्हणून इराकसारख्या देशांना विकली. मूळ वस्तू गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं होती. आत चालणारं काहीच नव्हतं. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर तपासणी नाक्यांवर माणसं त्या काडीच्या भरवशावर उभी होती.

तांदूळ ओढणारं भांडं, मांडूळ, वीस नखांचं कासव आणि हे यंत्र, सगळी एकाच माळेची मणी. आधी 'हाय' म्हणायचं, मग पूजेला पैसे मागायचे, मग बळी. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. अशी कुणकुण लागली तर पोलीस पाटलांनी वाट पाहू नये.

सापडलंच तर?

इंग्लंडमधलीच एक गोष्ट शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं डिटेक्टरचा छंद असलेल्या मित्राला बोलावलं. हातोडा शोधता शोधता यंत्रानं सोन्या-चांदीची जुनी रोमन नाणी दाखवली. त्या माणसानं काही नाणी काढली आणि तिथेच हात थांबवला. सगळं उकरलं नाही, कळवलं. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी येऊन मातीच्या थरांसकट ठेवा उचलला. एकूण १४,८६५ नाणी, शिवाय दागिने आणि चमचे. सरकारनं साडेसतरा लाख पौंड बक्षीस दिलं. ते त्यानं शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. तो हातोडाही सापडला आणि आज ब्रिटिश संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही कायदा आहे, १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली की काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची. ती बेवारस ठरली आणि जमिनीच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. सरकारनं ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश धरून मोबदला. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आपला हिस्साही जातो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, हे १९७२ च्या कायद्यात आहे. आणि संरक्षित किल्ला, लेणी, देऊळ यांच्या आवारात टिकाव लावणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं.

सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) यांना विनंती की ग्रामसभेत एकदा हे वाचून दाखवावं. वस्तू सापडली तर पहिला फोन कुणाला करायचा, ते फळ्यावर लिहून ठेवावं. माणूस बहुतेक वेळा लोभानं नव्हे, भीतीनं दडवतो. 'सरकार सगळं घेईल अन् वरून आपल्यालाच मारेल' ही भीती घालवली तर निम्मं काम होईल.

टपरीवरच्या त्या तिघांना मी एवढंच सांगितलं : गढी सोडा, पांढर सोडा. आधी आपल्या बापाच्या गोठ्यात आणि खळ्यावर यंत्र फिरवा. दुसऱ्याच्या रानात पाय ठेवायचा तर आधी मालकाला विचारा. केलेला खड्डा बुजवा. काही जुनं दिसलं तर हात थांबवा आणि कळवा. एवढं पाळलं तर छंद छंदच राहील.

काका उठता उठता म्हणाले, "मंग माह्या कोठ्यातूनच सुरू करा रे पोट्टेहो. मागच्या सालचा विळा अजून सापडला नाही." पोरांनी यंत्र अजून घेतलेलं नाही. पण पहिलं काम ठरलं आहे.